बेबीताईचं पदरचं वाक्य

जांभूळटाकळीत सकाळी भोंग्याचा ऑटो फिरायला लागला की बायका हातातलं काम टाकून दारात येत. बातमीचं त्यांना फारसं अप्रूप नसे. बातमी काय, कुणाची शेळी चुकलेली असायची, नाही तर दुसरबीडला साड्यांचा सेल लागलेला असायचा. बायका यायच्या त्या पुकाऱ्याच्या शेवटच्या वाक्यासाठी. ते वाक्य बेबीताई गवईचं स्वतःचं असे.

"कागदावरचं गिऱ्हाइकाचं, अन शेवटचं माह्या पदरचं," असं ती सांगायची.

मुळात ऑटो तिच्या नवऱ्याचा, पुंजाजीचा. त्याच्या आवाजाला एकेकाळी भोंग्याचीही गरज नव्हती. पुढे त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण जालन्याच्या डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला कायमची बंदी घातली. पुंजाजी घरी आला आणि ऑटोवर ताडपत्री टाकून बसून राहिला. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या शिबिराचा पुकारा करायला माणूस आला. पुंजाजी हातानं नाही म्हणत होता, तेवढ्यात बेबीताईनं पदर खोचला आणि ताडपत्री ओढली. भीमजयंतीला दरवर्षी गाण्यात पहिला आवाज तिचाच असायचा, तेव्हा माईकचं भय तिला नव्हतं.

"तुमी चालवा, मी बोलतो," ती म्हणाली.

तिनं शिबिराची तारीख सांगितली, जागा सांगितली, आणि कागद संपल्यावरही तिचं तोंड काही थांबलं नाही. "ज्यायले घरात सून दिसत नाही, त्यायनं तर याच." शिबिराला म्हाताऱ्यांची रीघ लागली. बऱ्याच जणी सुनेचा हात धरूनच आल्या होत्या. तेव्हापासून हे असंच चाललं. नवरा हँडल धरायचा, बायको माईक.

गावात किसनराव म्हणून बडं प्रस्थ होतं. पाण्याच्या टाकीचं कंत्राट त्यांचंच, पाणी समितीत वजन त्यांचंच. टाकी बांधून, रंगवून तयार झाली आणि त्यांनी लोकार्पणाचा पुकारा बेबीताईला दिला. कागदावर किसनरावांच्या नावामागं कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी अशी बिरुदं होती. बेबीताईनं एकही गाळलं नाही. सगळी सुरात वाचली, आणि मग म्हणाली, "मंडळी, टाकी पाह्यालेच बोलावलं हाय. पाणी मांगून कोणाले लाजवू नका."

कारण नळाची जोडणीच अजून झालेली नव्हती, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

कार्यक्रमात पाहुण्यांनी फीत कापली, तसं मागून कोणी तरी खुसकन हसलं. मग मांडवभर हसू पसरलं. कुणी तरी पुकारा फोनवर घेतला होता, तो साखरखेर्ड्याला गेला, मेहकरला गेला, पुण्यात कंपनीत असलेल्या पोरांकडून परत गावात आला. किसनराव ठाण्यात गेले. जमादारानं दोनदा ऐकलं आणि डोकं खाजवून विचारलं, "भाऊ, यात गुन्हा कोणता लावू? बाई तं पाणी मांगू नका म्हणून राह्यली."

किसनरावांचा जावई अमरावतीला होता. त्यानं वाट दाखवली. तिथं विभागीय हक्क आणि सन्मान आयोग होता. माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लागला तर तिथं दाद मागता यायची. किसनरावांनी मागितली.

महिनाभरानं पोस्टमननं लिफाफा आणून दिला. प्रकरणाचा अंतिम निर्णय होईपर्यंत गैरअर्जदार, म्हणजे बेबीताई, यांनी ध्वनिक्षेपकावरून स्वतःचे कोणतेही विधान करू नये, असं त्यात होतं.

बेबीताईनं ते वाचलं आणि ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. ठाण्यातून बोलावणं आलं असतं तर ती एवढी हबकली नसती. पण हक्क हा शब्द ती लहानपणी गाण्यांतून शिकली होती. तो शब्द ऐकला की आपली बाजू घ्यायला कुणी तरी आलं, असं तिला वाटायचं. तोच शब्द लिफाफ्यावर छापून आपल्यालाच गप्प करायला येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आता काय करतं?" पुंजाजीनं हळू आवाजात विचारलं.

"काय करतो? कागद वाचतो अन घरी येतो."

दुसऱ्या दिवशी गुरांच्या लसीकरणाचा पुकारा होता. तिनं सगळं नीट वाचलं. कागद संपला. सवयीनं तोंड उघडलं, मग आठवलं आणि मिटलं. माईक चालूच होता. भोंग्यातून तिचा एक लांब श्वास अख्ख्या आळीला ऐकू गेला आणि मग खट्ट करून बटण बंद झालं.

ओट्यावर आशाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं बाजेवर लोळणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "घरातल्या बैलाले बी नेऊ का वं बेबे?" आळी हसली. त्यात आशाबाईचा नवराही हसला.

मग तो गावाचा नादच झाला. बेबीताई कागद वाचायची आणि थांबायची. उरलेलं वाक्य गाव पुरं करायचं. ज्याला कधी चार शब्द जुळवता आले नव्हते, त्यालाही आता काही तरी सुचायला लागलं. पाणी समितीच्या बैठकीचा पुकारा झाला त्या दिवशी तर ती थांबली आणि एकाच वेळी एवढ्या दारांतून बोलणी उठली, की पुंजाजीनं ऑटो बाजूला घेऊन पोट धरलं.

किसनरावांनी पुन्हा आयोगाला कळवलं. आयोगानं पुन्हा लिफाफा पाठवला. गैरअर्जदार यांनी वाचनानंतर थांबण्यामागील हेतू लेखी सादर करावा.

हे वाचून मात्र पुंजाजी डॉक्टरांची बंदी विसरला आणि मोठ्यानं हसला. मग खोकत खोकत पाणी प्यायला. सिंदखेडराजाच्या कोर्टात मंजुश्री जाधव नावाची तरुण वकील होती. बेबीताईच्या माहेरच्या गल्लीतली. तिनं उत्तर लिहून दिलं. ते एका ओळीत संपलं : गैरअर्जदार श्वास घेतात.

सुनावणीला अमरावती गाठायची म्हणजे पहाटेची एसटी. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला किसनरावांचे वकील आले नाहीत. दोन्ही वेळा बेबीताई आणि पुंजाजी आयोगाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून परत आले. त्याच बाकावर त्यांना जनकाबाई भेटली.

जनकाबाई मलकापूरकडची. तिचा मुलगा कापसाच्या गाठी उचलायचा. चोरीच्या संशयावरून त्याला एका ठाण्यात नेलं आणि परत आला तेव्हा त्याचा उजवा हात मोडलेला होता. चोर पुढं दुसराच निघाला. जनकाबाईनं आयोगाकडं अर्ज केला, त्याला वर्षं लोटली होती.

"मंग काय म्हणतेत?" बेबीताईनं विचारलं.

"ठाण्याकडून अहवाल मागवलाय म्हणतेत."

"कोणत्या ठाण्याकडून?"

"ज्यायनं मारलं त्यायच्याकडूनच. ते लिहितेत, पोरगं पायरीवरून पडलं. मंग हे म्हणतेत, पुन्हा मागवतो."

बेबीताईनं डबा उघडला आणि अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवली.

तिसऱ्या खेपेला सुनावणी झाली. आयोगाचे एक सदस्य मोठ्या टेबलामागं बसले होते. बाजूला टायपिस्ट मुलगी. किसनराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वकिलाशेजारी होते. वकिलांनी फोनवर पुकारा वाजवून दाखवला. विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी, आणि मग ते वाक्य. टायपिस्ट मुलीनं तोंडावर रुमाल धरला आणि खाली वाकून काही तरी शोधायला लागली. सदस्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही थांबता, ते कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तुमीच म्हणलं बोलू नको. मी बोलत नाही."

"पण लोक हसतात."

"त्यायले तुमी नोटीस धाडली नाही."

वकील म्हणाले, की ही सूचक शांतता आहे आणि ती बोलण्यापेक्षाही बोचरी आहे. किसनरावांनी मान हलवली. त्यांच्याकडं पाहून बेबीताईला खरं तर थोडी दयाच आली. माणूस खरंच दुखावलेला दिसत होता.

"साहेब, एक बोलू का?" ती उभी राहिली. "किसनरावचं मन दुखलं, हे मले मान्य हाय. गावात राह्यचं म्हणलं की होते असं. त्यायनं मले चार शब्द सुनवायचे होते. चौकात उभं करून सुनवले असते तरी मी ऐकून घेतले असते. पण बाहेर बाकावर जनकाबाई बसली हाय. तिच्या पोराचा हात मोडला. तिच्या अर्जाले तारीख भेटत नाही, अन माह्या वाक्याले धडाधड भेटून राह्यली. हात मोडणाऱ्याले तुमी इचारता, बाबा, तूच सांग काय झालं. अन मले इचारता, तू श्वास काऊन घेतला. ज्यायच्या हातात काठी हाय त्यायले तुमी काही म्हणत नाही, ज्याच्या हातात माईक हाय त्याचं तोंड बंद करता. मंग हा आयोग कोणाच्या कामाचा?"



"ही आयोगावर टीका आहे," सदस्य म्हणाले. "हे नोंदीत जाईल, लक्षात आहे ना?"

"जाऊ द्या ना, साहेब. जनकाबाईचं नावबी त्यात येईन."

टायपिस्ट मुलगी भराभर टाइप करत होती. सदस्यांनी तिला थांबवलं नाही. त्यांनी शिपायाला हाक मारून जनकाबाईची फाइल मागवली.

निकाल पोस्टानं आला. बेबीताई सरकारी नोकर नसल्यानं तक्रार आयोगाच्या कक्षेत येत नाही, सबब निकाली काढण्यात येते. तथापि गैरअर्जदार यांनी भविष्यात विनोद करताना संयम बाळगावा.

"म्हणजे कक्षेत नव्हतं, तरी इतके महिने तोंड बंद ठेवलं," मंजुश्री फोनवर म्हणाली. "त्याची दाद मागायची का?"

"कोणाकडं मागतं, बाई? त्यायच्याकडंच?" बेबीताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या सकाळी तिनं तो निकाल भोंग्यावर वाचला, पहिल्या शब्दापासून संयमापर्यंत. गाव दारात उभं होतं. इतक्या महिन्यांनी आज पदरचं वाक्य येणार, म्हणून आशाबाईनं चहाचं आधणसुद्धा उतरवून ठेवलं होतं. बेबीताई म्हणाली, "मलकापूरच्या जनकाबाईची तारीख पुढच्या बुधवारी हाय. ती एकटी बसते तिथं. ज्याले जमते त्यानं सोबत चला."

कोणी हसलं नाही. पण बुधवारी पहाटे स्टँडवर पाहते तर आशाबाई होती, तिचा नवरा होता, आणखी चारपाच जण होते. आणि काठी टेकत किसनरावांची आई, सरस्वतीबाई, आली होती.

"मावशी, तुमी?" बेबीताई गडबडली.

"पोरानं आयोग पाह्यला, मी काऊन नाही पाह्याचा?" म्हातारी म्हणाली आणि खिडकीची जागा धरून बसली.

अमरावतीला ही एवढी मंडळी आत शिरली तेव्हा सदस्यांनी विचारलं, एवढी गर्दी कशाला. बेबीताई म्हणाली, "ऐकाले आलो, साहेब. बोलणार जनकाबाईच हाय." जनकाबाई आधी अडखळली. मग सरस्वतीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती सलग बोलली. इतक्या वर्षांत तिला मधेच न तोडता पुरं ऐकून घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. चौकशी त्या ठाण्याकडून काढून दुसऱ्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडं दिली गेली. मुलाचा हात काही पूर्वीसारखा झाला नाही, पण पावसाळ्यानंतर अहवाल आला आणि त्यात तो पायरीवरून पडला असं लिहिलेलं नव्हतं. त्याला मारलं होतं, असं लिहिलं होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी एसटी परत आली तेव्हा किसनराव मोटारसायकल घेऊन आईला न्यायला उभे होते. त्यांनी म्हातारीला हात देऊन उतरवलं, पिशवी घेतली, आणि इकडं तिकडं पाहत हळूच विचारलं, "माय, तिथं माह्याविषयी काय म्हणले?"

"तुह्यं नाव कोणी काढलंच नाही रे," सरस्वतीबाई म्हणाली.

किसनरावांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी पिशवी हँडलला अडकवली. म्हातारीनं मोटारसायकलकडं पाहिलं, पाय दुखतात म्हणाली आणि सरळ पुंजाजीच्या ऑटोत जाऊन बसली. मग सगळेच दाटीवाटीनं ऑटोत शिरले. किसनराव आईची पिशवी घेऊन मागून हळूहळू येत राहिले.