अंगठ्याची भिंत

गोरख मिस्त्रीबद्दल मी निःपक्षपातीपणे लिहू शकेन असं कुणी समजू नये. भोरमधल्या माझ्या घराचं कंपाउंड त्यानंच बांधलंय आणि ते बांधताना त्यानं माझी तीन वेळा अक्कल काढली होती. तरी जेवढं शक्य आहे तेवढं अलिप्तपणे सांगतो. हकीकत मला गोरख, फुलाबाई आणि इंजिनियर नीरजा या तिघांकडून तुकड्यातुकड्यानं कळली. तिघांचं एकमेकांशी जुळतं, हे विशेष.

गोरख सारोळ्याजवळच्या वाडीचा. वय छप्पन. त्याचे वडील कोंडिबा हेही गवंडी होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून काम संपलं की ते ओल्या गिलाव्यावर, जमिनीपासून वीतभर वर, उजव्या कोपऱ्यात अंगठा उठवायचे. गोरख सातवीपर्यंत शिकला आहे, झोकदार सही करतो, पण भिंतीवर मात्र अंगठाच. माझ्या कंपाउंडवरही आहे. पाहुणे विचारतात, पोरानं केलं का हे? मी हो म्हणतो, कारण खरं सांगत बसायला फार वेळ लागतो.

त्याची एकच घमेंड होती. चाळीस वर्षांत त्याची एकही भिंत पडलेली नाही. हे तो कुणी न विचारता सांगायचा. लग्नात सांगायचा, दहाव्याला सांगायचा, नसरापूरला जाणाऱ्या रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. कंटाळा यायचा, पण खोटं नव्हतं.

सारोळ्याच्या पुलाखाली, नीरेच्या काठाला फुलाबाईंचं चहा-भज्याचं हॉटेल आणि मागे दोन खोल्या होत्या. बाई एकट्या, पासष्टीच्या. दोनदा पुराचं पाणी घरात शिरलं. दुसऱ्या वेळी मागची भिंत पडता पडता छप्पर घेऊन गेली. मुलगी म्हणाली, माझ्याकडे ये. बाई म्हणाल्या, जागा सोडायची नाही. मग मुलीनं भोरच्या नीरजाला गाठलं. नीरजानं काही वर्षं कोकणात, समुद्रकाठच्या इमारतींची कामं केली होती. तिनं आराखडा काढला. सहा खांबांवर वर घर, खाली हॉटेल. खाली रस्त्याकडे शटर, नदीकडे जाळी, आणि दोन बाजूंना विटांच्या भिंती. एक पाणी येतं त्या अंगाला, एक पाणी जातं त्या अंगाला. आणि या दोन भिंती पुरात पडल्या पाहिजेत, असं तिनं कागदावर लिहून दिलं.

काम गोरखकडे आलं. त्यानं कागद उलटा करून पाहिला.

"ताई, ह्ये चुकून लिवलंय का?"

"नाही, मिस्त्री. मुद्दाम. भिंत खांबाला घट्ट बांधली, तर पाण्याचा सगळा जोर खांबावर येईल आणि वरचं घर जाईल. भिंत सुटून पडली, तर पाणी खालून निघून जाईल. घर राहील."

"मंग भिंत कशाला? ताडपत्री बांधा की. पडनारी भिंत बांधायला मिस्त्री कशाला लागतोय, कुनीबी बांधंल."

"कुणीही बांधलेली भिंत वाऱ्यानं पडेल," नीरजा म्हणाली. "मला उन्हाळा-हिवाळा उभी राहणारी आणि पुरातच पडणारी पाहिजे. ते कुणालाही जमणार नाही, म्हणून तुमच्याकडे आले."

गोरखला ही तारीफ वाटली नाही. तिनं नियमही सांगितले. अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत. माल कच्चा, म्हणजे सिमेंट कमी. खांबातून सळई काढायची नाही. खांब आणि भिंत यांच्यात बोटभर फट, त्यात थर्माकोल. भिंतीवर वायर नको, नळ नको. फुलाबाईंना तिथं देवांची फळी ठोकायची होती, तीही नको. देव वरच्या मजल्यावर.

पाणी जाण्याच्या अंगाची भिंत गोरखनं अगदी सांगितली तशी बांधली. चार दिवस तोंड वाकडं करून बांधली. मग पाणी येण्याच्या अंगाची भिंत आली. ही रस्त्यावरून दिसते. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून दिसते. ती उद्या आडवी पडलेली लोक बघणार आणि म्हणणार, गोरखची भिंत पडली.

त्या आठवड्यात नीरजा पुण्याला गेली होती. गोरखनं दोन्हीकडच्या खांबांना भोकं पाडून सळया बसवल्या, बारा. माल पक्का केला. वरून फटीत थर्माकोलची पट्टी अशी बसवली, की बघणाऱ्याला फट दिसावी आणि आतल्या सळया दिसू नयेत. ही लबाडी होती, दुसरा शब्द नाही. आणि मग गिलावा ओला असताना त्यानं सवयीनं खाली अंगठा उठवला.

दुसऱ्या भिंतीवर अंगठा नव्हता. तिला त्यानं आपली मानलीच नव्हती.

नीरजा आली, तिनं फटी पाहिल्या, खूश झाली. वास्तुशांतीच्या दिवशी फुलाबाई मात्र हळदीकुंकू लावत भिंतीजवळ वाकल्या आणि तिथंच थांबल्या.

"गोरख, ह्या भिंतीला अंगठा हाय. त्या भिंतीला का न्हाई?"

"इसरलो, मावशी."

"तू जेवायचं इसरशील," बाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली. धरणातून पाणी सोडणार, दुपारपर्यंत काठ रिकामा करा. फुलाबाईंनी सिलिंडर, कढई, बरण्या वर नेल्या आणि गोरखला फोन लावला.

"गोरख, खरं सांग. अंगठ्याची भिंत पडंल का?"

 

"न्हाई पडायची, मावशी," तो म्हणाला. "म्या येतू."

गाडी काढण्याआधी त्यानं नीरजाला फोन केला. या गोष्टीमुळे मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, कारण गुपचूप काम उरकता आलं असतं.

"ताई, म्या सळया टाकल्यात. बारा. पक्क्या मालात."

नीरजा मला म्हणाली, त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण ती एवढंच बोलली, "वरून खाली तोडत या. खांबाला घण लागू देऊ नका. सळया करवतीनं कापा. आणि पाणी हॉटेलच्या ओट्याला लागलं की बाहेर निघा. घर गेलं तरी चालेल."

"घर न्हाई जायाचं," गोरख म्हणाला.

तो घण, पहार आणि हॅकसॉ घेऊन आला. फुलाबाई छत्री धरून रस्त्यावर उभ्या. भिंत फुटेना. घण टणटण उडत होता, विटेचा नुसता कोपरा निघत होता. बाई सांगतात, तो घण घालत होता आणि शिव्याही घालत होता, पण शिव्या भिंतीला नव्हत्या, बांधणाऱ्याला होत्या. "कोन्या येड्यानं बांधलीया," असं म्हणायचा आणि पुन्हा घण उचलायचा. तीन तासांत भिंत गुडघाभर उरली. अकरा सळया कापून झाल्या. बाराव्या सळईला पाणी ओट्यावर चढलं. फुलाबाई ओरडल्या. त्यानं ती कापली, राहिलेल्या विटा पहारीनं उलथल्या आणि कमरेएवढ्या गढूळ पाण्यातून बाहेर आला. हाताचे फोड फुटले होते. दोघं शाळेच्या ओसरीवर जाऊन बसले. तिथून घर दिसत होतं.

तिसऱ्या प्रहरी मुळासकट एक बाभळ वाहत आली. ती पाडलेल्या भिंतीच्या जागेतून हॉटेलात शिरली आणि समोरच्या भिंतीला धडकली. ती भिंत, अंगठा नसलेली, एकदम सुटून पाण्यात आडवी झाली. बाभळ पुढं गेली. सहाही खांब जागच्या जागी. वरच्या खिडकीत फुलाबाईंचा पडदा हलत होता.

गोरख रडला. फुलाबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा तो समोरच बसला होता, आणि त्यानं नाकारलं नाही.

पाणी ओसरल्यावर सारोळ्याच्या नाक्यावर भिमा गवंडी भेटला. हा गोरखची चाळीस वर्षांची बढाई ऐकून कान पिकलेला माणूस. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय मिस्त्री, भिंत पडली म्हनं तुमची?"

पडली नाही, पाडली, एवढं म्हणता आलं असतं. नाव वाचलं असतं. अर्धं खरंही होतं.

"दोन हुत्या," गोरख म्हणाला. "येक पडली, येक पाडावी लागली. पडली ती बरूबर बांधली हुती."

 भिमानं चहा मागवला.

दिवाळीच्या आधी गोरखनं दोन्ही भिंती पुन्हा बांधल्या. अर्ध्या विटेच्या, कच्च्या मालाच्या, खरोखरच्या फटीच्या. नीरजा या वेळी रोज येऊन बसली आणि त्यानं तिला एकदाही टोमणा मारला नाही. गिलावा झाला, त्यानं थापी धुतली, पाटी उचलली आणि निघाला.

फुलाबाई दारात आडव्या आल्या.

"अंगठा?"

"मावशी, ह्या पडायच्याच भिंती हायत."

"म्हाईत हाय मला. दोन्हींवर उठव. पडतील तवा तुझ्या नावानं पडू देत."

गोरखनं पाटी खाली ठेवली. गिलावा वरून सुकायला लागला होता, म्हणून अंगठा जरा जोर लावून दाबावा लागला. आधी एका भिंतीवर, मग दुसऱ्या.