चहाच्या रंगाचं धोतर

२०२४ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. केनियातल्या लेकीने तिथलं जंगल पाहायला बोलावलं, पण म्हणाली, “बाबा, सफारीत पांढरं धोतर चालत नाही. पँट घाला.” तिला भेटायची ओढ फार होती, तरी मी म्हटलं, मग येतच नाही.

आमच्या समोरच्या बाई आफ्रिका पाहून आलेल्या. एक वाक्य बोलतात आणि पदराने चष्मा पुसतात. विचारून करणं त्यांच्या स्वभावातच नाही. माझा हट्ट कानावर पडताच त्या आल्या.

“भाऊजी, जनावर पँट पाहते काय? पांढरं दुरून चमकते, निळ्या-काळ्यावर माश्या येतात. मातकट पाहिजे.”

दोरीवरची माझी दोन्ही धोतरं ओढून त्यांनी चहापत्तीच्या पाण्यात उकळली.

“आता जीपमध्ये तोंड मिटून बसा. जमन काय तुमाले?”

“जमन,” मी म्हटलं. जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलंच एक तपकिरी धोतर नेसून मी केनियाला जाण्याआधी घ्यावी लागणारी पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यायला गेलो.