धाकटीच्या हातची गोळी

वैशाखात अमळनेरची माणसं डोक्यावर ओला पंचा घेऊन फिरतात. मी त्या उन्हात घोंगडी पांघरून ओसरीत बसायचे. येणारे-जाणारे हसायचे. मलाही हसू यायला हवं होतं, पण हसू, रडू, राग, सगळंच उशिरा यायचं, आणि आलं तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं. वय माझं सत्तावीस. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बांगड्या मनगटात रुतलेल्या, आणि कानांत दिवसभर घरघर.

घरामागं कापसातली सरकी काढायची जिन होती. हंगामात ती सुरू असली की आमच्या आळीत सगळेच ओरडून बोलायचे. हंगाम संपला, जिन बंद पडली, माझ्या कानातली मात्र चालूच राहिली. मधूनच कानांना असे दडे बसायचे की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. लसणाचं कोमट तेल झालं, रुईच्या पानाचा रस झाला, बाजारातल्या कान कोरणाऱ्यापुढं बसून झालं. गावातल्या डॉक्टरनं कानात डोकावून सांगितलं, कान अगदी स्वच्छ आहेत. त्यावर सासूबाईंनी काढायचा तो अर्थ काढला. मी ढोंगी ठरले.

मग तव्यावर पोळी टाकून मी तिच्याकडं बघत बसायला लागले, ती करपेपर्यंत. सहा वर्षांची मुलगी हाका मारून दमायची. शेवटी यजमानांनी धाकट्या जावेला बोलावून घेतलं. दीर धरणगावाकडं शेती बघत होते, ते तिकडंच राहिले. धाकटीच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती आली आणि तिसऱ्याच दिवशी माझी मुलगी तिच्याकडून वेणी घालून घ्यायला लागली.

सगळंच उशिरा यायचं म्हणाले, ते खोटं. एक गोष्ट लगेच वाटायची. मुलगी धाकटीच्या गुडघ्यांत मान घालून बसली की माझ्या गार पडलेल्या अंगात एकदम भडका उठायचा. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात हजारदा म्हटलं असेल. नवरा जेवताना तिच्या भाजीला नावाजायचा, तेही मला बरोबर ऐकू यायचं. तेव्हा कान आड येत नसत. धाकटी वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. माझ्या पायांना तेल चोळायची, मला आधी वाढायची. त्यामुळं मी अधिकच जळायचे.

दिवाळीनंतर दिरांनी आम्हा दोघींना धुळ्याला एका मोठ्या डॉक्टरकडं नेलं. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की माणसांनी उतरायचं. दीर बाहेर बसले, आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टरांनी कान पाहिले आणि सोडून दिले. मग माझ्या भुवया पाहिल्या, कोपराची कातडी पाहिली, गळा चाचपला, मनगट हातात धरून कितीतरी वेळ घड्याळाकडं बघत राहिले. ते बराच वेळ बोलले. माझ्या कानांना दडे बसलेले, म्हणून ते धाकटीकडं बघून बोलले. रोग माझा, आणि ऐकत होती ती! त्याचाही मला राग आला.

बाहेर आल्यावर धाकटी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "अक्का, गळामा एक गाठ ऱ्हास, ती मंद पडनी शे. रोज एक गोळी लेवानी. बरं वाटी." मी विचारलं, "आणि कान?" ती म्हणाली, "कानानं डॉक्टरले बी समजनं नही."

गोळ्यांची शिशी धाकटीनं स्वतःकडं ठेवली. रोज सकाळी आंघोळीआधी ती केळ्याच्या फोडीत गोळी खुपसून मला द्यायची, आणि मगच नहाणीत जायची. शिशी घरात नाही, परसात लाकडांच्या मागं ठेवायची. आंघोळ झाल्यावर चुकूनही तिला हात लावायची नाही. मी हे महिनाभर पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं, माझ्या औषधाचासुद्धा हिला विटाळ होतो. वर सेवेचा देखावा!

संक्रांतीपर्यंत माझ्या बांगड्या सैल झाल्या. घोंगडी सुटली. एक दिवस मुलगी ओट्यावरून पडली आणि मी लगेच, त्याच क्षणी, ओरडत धावले. घरघर थांबली नव्हती, पण माणसं पुन्हा जवळ आली होती. अंगात जोर आला तसा मी धाकटीला जाब विचारला, "माझं औषध बाटवतं का गं तुला?"

तिनं मान खाली घातली. "अक्का, त्या गोळीमा मेंढीनं शे. मेंढीना गळानी गाठ वाळाडीसन करतस. तुम्ही लिधी नसती. म्हनून मी काय सांगं नही. पाप मना डोकावर ऱ्हाऊ द्या."

म्हणजे मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवून केलेली गोळी मी रोज गिळत होते, आणि आमच्या घरात तर अंडंसुद्धा येत नसे. आता ध्यानात आलं, शिशी परसात का होती आणि गोळ्या सुरू झाल्यापासून तिनं सोमवारचे निर्जळ उपास का धरले होते. मी तिचे पाय धरायला हवे होते. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता ही माझ्या मुठीत सापडली. मी तिला म्हटलं, असू दे. आणि गोळी घेत राहिले. केळ्याची फोडही तिच्याच हातची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासूबाई गावाहून आल्या. सण झाला की धाकटी गावी परतणार होती. जेवणं उरकल्यावर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरले लहानीसंगे गावले जाऊ द्या. हिले सोतानं भान नही, पोरले काय सांभाळी ही!" यजमानांनी पानाचा डबा पुढं ओढला. मुलगी धाकटीच्या पदराआड उभी राहून हसत होती. तिला जायचं होतं. ते हसू मला सोसलं नाही.

मी म्हटलं, "मला फसवून मेंढी खाऊ घातली हिनं. त्या हातांत मी माझी मुलगी देणार नाही."

सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, गोळी, लाकडांमागची शिशी. मला तीन महिन्यांपासून ठाऊक होतं, तेवढं सोडून. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तू हिले मेंढी चारी?" धाकटीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. ‘अक्कांना माहीत होतं’ एवढे तीनच शब्द तिनं बोलायचे होते. ती म्हणाली, "हा, चारी."

मुलगी माझ्याजवळ राहिली. धाकटी एकटीच गेली. गावी तिला प्रायश्चित्त घ्यायला लावलं, आणि श्रावण संपेपर्यंत तिचं ताट वेगळं वाढलं जात होतं, हे मला नंतर कळलं. गोळ्या फेकून दिल्या, असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. फेकल्या नव्हत्या. रोज सकाळी परसात जाऊन मी एक गिळत होते आणि उरलेल्या मोजत होते, कारण लढाईमुळं हे औषध मिळणं कठीण होतं आणि यजमानांना मागवायला सांगायला तोंड नव्हतं.

गोळ्या अगदी संपत आल्या तेव्हा दीर ज्वारीचं पोतं घेऊन आले. यजमान घरात नाहीत असं पाहून त्यांनी बंडीच्या खिशातून एक नवी शिशी काढून माझ्यापुढं ठेवली. धुळ्याला दोन खेपा माराव्या लागल्या म्हणाले. मी विचारलं, "तिनं काही निरोप दिलाय?"

"नही," दीर म्हणाले. "गोळ्या संपी जायेल व्हतीन, एवढंच बोलनी."

तिनं शिव्या पाठवल्या असत्या तर मी सुखानं जेवले असते. मी शिशी घेतली. मुलगी माझी होती, घर माझं होतं, अंगात ऊब परत आली होती. तरी त्या दुपारी मला धाकटीचा जितका हेवा वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.