गुरुवारचं माप

गर्दीत मला माणसांचे चेहरे आधी दिसत नाहीत, खांदे दिसतात. कुणाचा उजवा झुकलाय, कुणाची एक पोटरी बारीक आहे. ही खोड छावणीतल्या उस्तादांनी लावली. ते पेशानं दर्जी. दिवसभर फौजींचे युनिफॉर्म शिवायचे आणि संध्याकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा पोरांकडून वजनं उचलून घ्यायचे. शेडमध्ये आरसा नव्हता. "आईना झूठी तारीफ करता," म्हणायचे. खरं काय ते त्यांच्या गळ्यातली टेप सांगायची. दर गुरुवारी शर्ट काढून उभं राहायचं. गळा, दंड, पोटरी, तिन्ही मापं सारखी भरायला पाहिजेत आणि डाव्या-उजव्यात सुताचाही फरक चालायचा नाही.

माझ्यात होता. उजवा दंड साडेचौदा, डावा पावणेचौदा. पाऊण इंचानं काय आभाळ कोसळतं, असं तुम्ही म्हणाल. पण स्टेजवर, दिव्याखाली, तेल लावलेल्या अंगावर तो पाऊण इंच हातभर दिसतो. आणि मला त्याच वर्षी जिल्ह्याची शरीरसौष्ठवाची स्पर्धा मारायची होती. देवगाव रंगारी सोडून शहरात आलो तेव्हा गावच्या पारावर सगळे हसले होते, "ह्यो काडीपैलवान काय दिवे लावणार?" त्या पारावर मला कप नेऊन ठेवायचा होता. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

फरक कशानं पडला ते उस्तादांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. मी एका वर्कशॉपमध्ये हँडप्रेसवर होतो. डाव्या हातानं पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, उजव्यानं वरचा दांडा हिसका देऊन फिरवायचा. दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळा, एकदा फिरला की मध्ये थांबत नाही. आठ तास हेच. उस्तादांनी माझा उजवा दंड दाबून पाहिला. "ये हाथ तो कंपनी का है मियाँ, मेरा कायका?" मग कायदा केला: प्रत्येक व्यायाम आधी डाव्यानं, आणि डावा जितक्या वेळा उचलेल तितकंच उजव्यानं. वर एक नाय.

"इस साल नक्को उतर," ते म्हणाले. "एक साल रुक. बराबर कर देता मैं."

मी मान डोलावली. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्याच दिवशी प्रेसवर मी हात बदलले. दांडा डाव्याला, तुकडे उजव्याला. म्हटलं, कंपनीनं उजवा बनवला तर डावाही तीच बनवील. शेजारच्या मशीनवरच्यानं विचारलं, "काय रे, डावखुरा कधी झालास?" मी हसण्यावारी नेलं. उस्तादांना तर सांगितलंच नाही.

काही आठवड्यांनी गुरुवारी डावा चौदा भरला. उस्तादांनी दोनदा टेप लावली. "माशाअल्लाह! देखो रे, सब्र का फल!" आणि समोरच्या हॉटेलातून माझ्यासाठी मलईचं दूध मागवलं. मी ते सगळं प्यायलो. तेव्हाच बोललो असतो तर, हे मी आजवर हजारदा मनाशी म्हटलं असेल.

स्पर्धेला तीन आठवडे होते. दुपारची वेळ, नेहमीचं काम. डाव्यानं दांड्याला हिसका दिला आणि उजवा साच्यातून मागं यायचंच विसरला. इतकी वर्षं तो दांड्यावर होता, खालून मागं सरायची त्याला सवयच नव्हती. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. माझ्यासारखा गाढव मीच.

दोन महिने हात गळ्यात अडकवून बसलो. स्पर्धा कुणी मारली ते मी विचारलंसुद्धा नाही. पट्टी सुटल्यावर एका गुरुवारी शेडमध्ये गेलो. उस्ताद हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी माझा शर्ट उतरवला आणि टेप लावली.

डावा साडेतेरा. उजवा साडेतेरा. त्यांनी पुन्हा मोजलं. सुताचाही फरक नाही.

मग मी सगळं सांगून टाकलं, त्या दुधासकट. वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मेरेकू लगा, वो मेरी मेहनत थी."

मी शर्ट घातला. बटण काजात जाईना. दोन बोटांवाचून बटण कसं लावतात हे मला अजून येत नव्हतं. उस्तादांनी माझा हात बाजूला केला आणि ते खालून एकेक बटण लावत वर आले. मला रडू आवरेना. मान खाली घालून पोरासारखा हुंदके देत उभा राहिलो.

"गर्दन उप्पर कर," ते म्हणाले. "कॉलर का बटन रह गया."