आत्याला आणायला गेलेली फियाट

भाऊबीजेच्या सकाळी अंधेरीहून निघालो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी फियाट मी गॅरेजात ठेवून पार बदलून घेतली होती. पुढची सलग सीट काढून दोन खोलगट बकेट सीट बसवल्या, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली जमिनीवर आणला, स्प्रिंगा कापून गाडी चांगली बुटकी केली. अण्णा त्यावर काहीच बोलले नव्हते. आता ते शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

आमच्याकडे भाऊबीजेला बहीण आपली आपण येत नाही. भावाने तिला आणायला जायचं. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, दहिसरला चाळीत राहते. यजमान गेल्यापासून वर्षातलं एवढंच तिचं माहेरपण. 'माझो भाव गाडी घेवन येता' हे ती साऱ्या चाळीला आधीपासून सांगून ठेवते.

गोरेगावच्या पुढे एका गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. उजवीकडचे डोंगर अजून हिरवे होते, हवेत फटाक्यांचा वास होता. बोरिवलीला पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एकदम झकास केलीस, यार." मग काय, पुढचा रस्ता मी हवेतच होतो.

आत्या नेसून तयार होती. तिने आम्हाला गूळपोहे आणि चकल्या खायला घातल्या. मग चार शेजारणी तिला पोचवायला गाडीपर्यंत आल्या.

अण्णांनी पुढचं दार उघडलं. जुन्या सीटवर ती खाटेवर टेकावं तशी सहज बसायची. आता तिने वाकून एक पाय आत घातला आणि कळ येऊन दाराला धरून उभी राहिली.

"आत्या, आधी बस, मग पाय घे," मी म्हणालो.

ती बसली ती थेट तळाला गेली आणि कळवळली. अण्णांनी आणि मी काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. मागच्या दारातून तर पायही वळेना. शेजारणी बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडी झकास आसा रे," आत्या मला म्हणाली, "माझी ढोपरांच (गुडघेच) कामातून गेली." मग अण्णांकडे वळून म्हणाली, "मी रवतंय (राहते). तुका हयच (इथेच) ओवाळतंय."

अण्णा तेव्हा कुठे बोलले, तेही तिच्याशी. "चल गो. रिक्षा करतंय."

परतताना रिक्षा पुढे आणि मी मागे, रिकामी गाडी घेऊन. घरच्यांसाठी गाडी नटवली असं मी सगळ्यांना सांगत होतो. घरचं कोण कसं बसतं, हे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. दर सिग्नलला आत्या डोकं बाहेर काढून मी येतोय ना ते बघायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

घरी पोचलो तर समोरच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. "कशा आलात, आत्या?"

"कशी म्हंजे?" आत्या म्हणाली. "भाचो गाडी घेवन इल्लो ना (आला होता ना)."

चपला काढायच्या निमित्ताने मी बराच वेळ खाली वाकून राहिलो.