पावणेदोन लिटर

पाण्यावर गाडी चालते का, याचं उत्तर मला एका शब्दात देता येतं. नाही. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राख. ती पुन्हा पेटवायची तर आधी तिचं लाकूड करावं लागतं, आणि त्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढी परत कधीच मिळत नाही. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही. तरी भावोजींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बघायला काय हरकत आहे?"

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झाले आणि लखनऊला विकास नगरातल्या घरी मोबाइलवर व्हिडिओ बघू लागले. त्यातून हे पाण्याचं यंत्र निघालं. मी लग्न केलेलं नाही. छावनीच्या बाजूला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटा राहतो. रविवारी दुपारचं जेवण ताईकडे. आठवड्यात मराठी बोलायचो ते तेवढंच.

यंत्रासाठी बरणी आणायला आम्ही दोघं अमीनाबादला गेलो होतो. दुकानदाराने झाकण घट्ट लावून दाखवलं आणि विचारलं, "चचा, अचार कौन सा डालेंगे?"

"अचार नहीं. इससे गाड़ी चलेगी."

"तो एक हमारे स्कूटर के लिए भी बना दीजिए."

तो चेष्टा करत होता. भावोजींनी त्याचा नंबर लिहून घेतला.

बरणीत स्टीलच्या पट्ट्या, पाणी, चिमूटभर कॉस्टिक सोडा. बॅटरीतून वीज सोडली की बुडबुडे येतात, आणि तो वायू नळीने इंजिनात जातो. मी एकदाच म्हणालो, "भावोजी, बॅटरी चार्ज कशावर होते?"

"इंजिनावर."

"आणि इंजिन?"

"तुझं रेल्वेचं डोकं आहे बघ. नुसत्या पाण्यावर चालव म्हणतोय का मी? पेट्रोलला थोडी मदत. मायलेज वाढतं."

मी भात कालवला.

ताईला मिरजेला जायचं होतं. तिथे आमची आई ऐंशी ओलांडून एकटी होती, दिवसा एक बाई यायची. निवृत्तीनंतर लखनऊचं घर भाड्याने द्यायचं आणि आईजवळ राहायचं हे कधीचं ठरलेलं. पण बरणी आली आणि सगळं पुढे जात राहिलं. शेवटी एका रविवारी ताईने वाढता वाढता निकाल लावला. "कानपूरला जाऊन या. मायलेज वाढलं तर एक वर्ष तुमचं. नाही वाढलं तर दिवाळीआधी मिरज. आणि मोजणार हा." आमटीचा डाव तिने माझ्याकडे रोखला. "तुम्ही मोजलंत तर पासच व्हाल."

"कबूल," भावोजी म्हणाले. "रेल्वे म्हणेल ते."

"हाँ, मग पलटायचं नाही."

मोजायची रीत साधी. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं जळलं. यात एकच मेख आहे. नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडतं तेव्हा टाकी भरलेली नसते, वरती बरंच बसतं. सकाळी मी उभा राहून थेट गळ्यापर्यंत भरून घेतलं होतं.

संध्याकाळी परतलो तेव्हा भावोजी बॉनेट उघडून बरणीतलं पाणी बघत होते. नोझल टक करून थांबलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहब, ऑटो कट हो गया. और डालूँ?"

मी म्हणालो, "बस."

नऊ पॉइंट नऊ लिटर. पंधरा देणाऱ्या गाडीने साडेसतरा दिले होते. भावोजींनी पंपावरच मला मिठी मारली. घरी ताईने आकडा ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू स्वतः मोजलंस ना?"

"हो."

"अच्छा," ती म्हणाली आणि मिरजेला फोन लावायला आत गेली.

भावोजींचं मन मोडवेना म्हणून मी तसं केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. भावोजींचं मन दोन दिवसांत सावरलं असतं. हे दोघं गेले की रविवारी मी कुठे जाणार, हा माझा प्रश्न होता. परतीच्या वाटेवर, उन्नावच्या पुढे, मी तोच विचार करत होतो. पंपावर शब्द अचानक निघाला असंही नाही. तो तिथूनच तयार होता.

ते वर्ष तसंच गेलं. बरणीच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. मी दर रविवारी जेवलो. जानेवारीत आई न्हाणीघरात पडली. ताई त्याच दिवशी निघाली, पण धुक्याने गाडी अकरा तास उशिरा सुटली. ती पोचली तेव्हा शेजाऱ्यांनी आईला दिवाणखान्यात आणून ठेवलं होतं. मी विमानाने त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. त्या तेरा दिवसांत ताई मला एकदाच काही म्हणाली, "मी दिवाळीतच यायला हवं होतं." गप्प राहणं मला जमतं.

गेल्या महिन्यात जेवणं झाल्यावर भावोजी वही घेऊन माझ्याजवळ बसले. नंतर केलेल्या सगळ्या फेऱ्यांचे आकडे होते, पंधराच्या आगेमागे. म्हणाले, "तुझे साडेसतरा परत का येत नाहीत रे? त्या दिवशी आपण काय बरोबर केलं होतं? माझंच काहीतरी चुकतंय."

मी म्हणालो, "भावोजी, त्या दिवशी मी टाकी पूर्ण भरली नव्हती. पहिल्या टकला थांबवलं."

ते हसले. "उगाच माझी समजूत काढू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

ताई पलीकडे बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "किती कमी भरलंस?"

"पावणेदोन लिटर असेल."

"चुकून?"

"नाही."

तिने हातातली काडी मोडली, पानं ताटात टाकली. पुढची काडी घेतली. अशी सगळी जुडी संपवली. मग ती उठली, हात धुतले आणि भावोजींना म्हणाली, "उद्या गाडी काढा. मी येते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कानपूर, तीच वाट, तोच पंप. जाताना भावोजी बरणीबद्दल थोडं बोलले, येताना तेही नाही. पंपावर ताई खाली उतरून नोझलजवळ उभी राहिली. टक आवाज झाला.

"ऑटो कट हो गया, मैडम."

"और डालो भैया. गले तक."

अकरा पॉइंट सात. भावोजींनी मोबाइलवर भागाकार केला, पुन्हा केला. "चौदा पॉइंट नऊ," ते म्हणाले, आणि वही न उघडताच खिशात पेन ठेवलं.

घरी पोचेपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत होती. दारात उतरताना म्हणाली, "बरणी ट्रकमध्ये चढवायची नाही." कसला ट्रक, हे भावोजींनी विचारलं नाही. मीही नाही.

मिरजेचं घर बंदच आहे. ते उघडायला जातोय, एवढंच ती सगळ्यांना सांगते. काल रविवार होता. मी सामान बांधायला गेलो. तिने मला भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायचं काम दिलं, आणि कुठलं कशात ते सांगितलं. दोन वाजता पानं मांडली. जेवून जा, असं ताई म्हणाली नाही. भावोजी म्हणाले. मी जेवलो.