व्याही उपाशी

आमचे हे, म्हणजे प्रणालीचे बाबा ओमप्रकाश, रेल्वेतले रिटायर वायरमन, मुक्काम बडनेरा. लग्नाले बत्तीस वर्षं झाले अन् बत्तीस वर्षांत मी एकदाही गरम कढी प्याली नाई. कारण हे जेवणाआधी प्रार्थना करतात. करतात तं करोत बाप्पा, आमी ख्रिस्ती माणसं, घरोघर होते. पण लोकायची ताटावरची प्रार्थना दोन ओळींची. यायची भाकरीपासून सुरू होते, मग ज्यानं ज्वारी पेरली तो, ज्यानं सिलिंडर आणलं तो, पॅसेंजरचा ड्रायव्हर, शेजारच्या गोदाबाईचा गुडघा, मेळघाटातले लेकरं, अन् शेवटी सरकारले थोडी अक्कल. तोवर कढीवर साय धरते. माझा एक डोळा उघडाच असते, माशा हाकलाले.

नोकरीत होते तवा डब्यावरही हेच. पहिले पहिले सोबतचे लोक हात थांबवत. मग मोबाइल आले, थांबणं गेलं. आता तं आमच्या चर्चमधीही रविवारी बाकं जास्त अन् माणसं कमी. यायले काही फरक नाई. परतवाड्याले एका लग्नात बफे होता. हे ताट हातात धरून, डोळे मिटून उभे. केटरिंगवाल्याले वाटलं यायचं झालं. त्यानं ताट काढून घेतलं अन् टबात टाकलं. आमेन म्हणून डोळे उघडले तं हातात नुसता पेपर नॅपकिन. यायनं दुसरं ताट घेतलं अन् प्रार्थना पहिल्यापासून केली.

प्रणाली आमची एकुलती एक. पुण्याले नोकरीवर गेली अन् एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, माझा आता या सगळ्यावर विश्वास राहिला नाही." हे "बरं" म्हणाले अन् फोन मले दिला.

मग तिनं ऑफिसातला अंकुर पसंत केला. पोरगा अकोल्याचा, गुणाचा. त्याचे वडील सहदेवराव कॉलेजात फिजिक्स शिकवत. घरात देव्हारा नाई, अन् ही गोष्ट ते आल्यागेल्याले अभिमानानं सांगतात. लग्नाचं पक्कं कराले त्यायनं आमाले घरी जेवाले बोलावलं. निघतानी प्रणालीनं बापाचा हात धरला. "बाबा, तिथं प्रार्थना करू नका. ते लोक हसतील. एक दिवस, माझ्यासाठी."

यायनं बराच वेळ आपल्या चपलांकडे पाह्यलं. मग म्हणाले, "नाई करणार. शब्द देतो."

मले वाटलं, चला, आज कढी गरम भेटते. मी बी किती भोळी.

अकोल्याले ताटं वाढली. डाळीच्या गोळ्यायचा गोळाभात, त्यावर कडकडीत तेल, वांग्याची भाजी, कढी. अंकुरची आई लीलाबाई सकाळपासून खपली होती. सगळ्यायनं घास मोडला. हे हात मांडीवर ठेवून बसले. प्रार्थना करत नव्हते अन् जेवतही नव्हते. मी कोपर मारलं.

"प्रार्थना करणार नाई म्हटलं होतं," हे माझ्या कानात म्हणाले, "जेवतो कुठं म्हटलं? आभार न मानता घास कसा गिळू?"

लीलाबाईनं इचारलं, "काहून भाऊ, गुरुवार करता काय?"

हे खोटं बोलत नाईत, अन् खरं बोलाची बंदी. म्हणाले, "तसं नाई ताई. पण जेवत नाई."

झालं, लीलाबाई उठल्या अन् भगर टाकली. पंधरा मिनिटांत भगर अन् दाण्याची आमटी समोर. आता यायच्यापुढे दोन ताटं, अन् दोन्ही तशीच.

तेवढ्यात सहदेवरावांनी घास खाली ठेवला. "व्याही उपाशी अन् मी जेवू? आमच्यात चालत नाई."

मी म्हटलं, "भाऊ, तुमी तं काही मानत नाई न?"

"हे मानण्याचं नाही वहिनी, रीतीचं आहे." अन् ताठ बसले फिजिक्सवाले. ते थांबले म्हणून लीलाबाई थांबल्या, अंकुर अन् प्रणाली थांबले, मीही थांबली. भुकेनं माझं डोकं फिरून राहिलं होतं. दोन हट्टी म्हातारे, अन् मधात गोळाभात.

मग सहदेवरावांचा आवाज बारीक झाला. "ओमप्रकाशभाऊ, स्थळ पसंत नसन तं सरळ सांगा. ताटावर बसून न जेवणं म्हणजे आमी नकारच समजतो."

अंकुरचा चेहरा उतरला. प्रणालीचे डोळे भरले. यायनं तिच्याकडे पाहून तोंड उघडलं, अन् दिलेला शब्द आठवून मिटलं. मले त्या माणसाचा इतका राग आला, अन् त्याहून जास्त दया आली.

"काका, त्यांना मीच गप्प बसवलंय," प्रणाली म्हणाली. "बाबा जेवायच्या आधी प्रार्थना करतात. मला लाज वाटली." मग बापाकडे वळली. "करा, बाबा."

यायनं हात जोडले. पण साऱ्या जगासाठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द निघेना.

तवा पोरीनं हात जोडले. भाकरी, ज्वारी पेरणारा, सिलिंडरवाला, ड्रायव्हर, गोदाबाईचा गुडघा, मेळघाटातले लेकरं, सगळं ओळीनं, एक नाव चुकली नाई. सरकारच्या अकलेपाशी सहदेवराव "बरोबर" म्हणाले. तिनं आमेन म्हटलं.

"एक राहिलं," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "अन् प्रणालीले सुखी ठेव. ती तुले मानो न मानो."

"हे कधीपासून म्हणता?" तिनं इचारलं.

"तुह्या त्या फोनपासून. मनातल्या मनात."

प्रणालीनं वांग्याचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "बाबा, मी अजूनही मानत नाही."

"मालूम आहे मले," हे म्हणाले. "वांगं वाढ."